प्रवरेकाठचे थर : संस्कृती आणि तिचे परिवर्तन

(अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

‘संस्कृती’ हा शब्द आज इतक्या सहजपणे उच्चारला जातो की, तो अनादिकाळापासून याच अर्थाने मराठीत नांदत असावा, असा समज होतो. वस्तुस्थिती तशी नाही. शब्द जुना आहे, संस्कृत ग्रंथांतून तो आढळतो. परंतु एखाद्या समाजाची समग्र जीवनरीती हा जो अर्थ आज त्याच्यामागे उभा असतो, तो इंग्रजी अमदानीत ‘कल्चर’ या शब्दाला प्रतिशब्द शोधण्याच्या खटपटीतून स्थिरावला. या खटपटीची एक हकीकत मनोरंजक आहे. बंगालीत या अर्थाने ‘कृष्टी’ हा शब्द रूढ होऊ पाहत होता. नांगरणे या अर्थाच्या ‘कृष्’ धातूपासून तो निघालेला. रवींद्रनाथ ठाकूर यांना तो मुळीच रुचत नसे. १९२२ मध्ये पॅरिस येथे असताना भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चटर्जी यांना एका महाराष्ट्रीय मित्राकडून समजले की, मराठीत या अर्थी ‘संस्कृती’ हा शब्द वापरात आहे. त्यांनी तो रवींद्रनाथांच्या कानी घातला आणि रवींद्रनाथांनी तो पसंत केला. मराठीने बंगालीला दिलेल्या मोजक्या देण्यांपैकी ही एक होय.

रवींद्रनाथांच्या रुचीविषयी वाद घालण्याचे कारण नाही. तथापि अहिल्यानगरसारख्या जिल्ह्यात, जेथे पाऊस पडला की नाही यावर घरातले लग्न ठरते, तेथे ‘कृष्टी’ या शब्दाला अगदीच मोडीत काढणे थोडे अन्यायाचे वाटते. इंग्रजी शब्दाचे मूळही लॅटिनमधील मशागतीच्याच अर्थाचे आहे. ‘संस्कृती’ म्हटले की काहीतरी घासूनपुसून तयार झालेले, देव्हाऱ्यात ठेवण्याजोगे असे डोळ्यांपुढे येते. ‘कृष्टी’ म्हटले की दरसाल पुन्हा करावी लागणारी नांगरट आठवते. संस्कृतीच्या परिवर्तनाचा विचार करताना हा दुसरा अर्थ हाताशी असलेला बरा.

एडवर्ड टायलर या इंग्रज मानवशास्त्रज्ञाने १८७१ मध्ये संस्कृतीची जी व्याख्या केली, ती आजही अभ्यासकांना आधारभूत वाटते. ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, रूढी आणि समाजाचा घटक म्हणून माणसाने संपादन केलेल्या इतर सर्व सवयी यांचा समुच्चय म्हणजे संस्कृती, असा तिचा आशय आहे. या व्याख्येतील ‘संपादन केलेल्या’ ही अट फार महत्त्वाची आहे. संस्कृती रक्तातून येत नाही, ती शिकावी लागते. जे शिकता येते ते विसरताही येते, चुकीचे शिकले गेले असेल तर सुधारताही येते. ज्यांना संस्कृतीचा बदल म्हणजे भ्रष्टता वाटते, त्यांनी आणि ज्यांना कोणताही बदल म्हणजे प्रगती वाटते त्यांनीही, या अटीचा विचार केलेला नसतो.

या जिल्ह्याच्या भूमीवर संस्कृतीविषयीचा एक मोठा ग्रंथ लिहिला गेला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईत अटक झालेले काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्यात आणून ठेवण्यात आले. पंडित जवाहरलाल नेहरू यांनी १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या काळात याच किल्ल्यात ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिला. मौलाना आझादांची ‘गुबार-ए-खातिर’ मधील पत्रे येथलीच. नेहरूंनी भारताला दिलेली एक उपमा प्रसिद्ध आहे. एकाच जुन्या पत्रावर पिढ्यान्‌पिढ्या मजकूर लिहिला जावा आणि नव्या लेखनाने आधीचे लेखन पूर्णपणे पुसून टाकू नये, तसा हा देश आहे, असे ते म्हणतात.

त्यानंतर दहाच वर्षांनी, किल्ल्यापासून सुमारे साठ किलोमीटरवर असलेल्या नेवाशात, या उपमेची जणू प्रत्यक्ष परीक्षा झाली. १९५४ ते १९५६ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने डॉ. ह. धी. सांकळिया यांच्या नेतृत्वाखाली प्रवरेच्या काठावरील ‘लाडमोड’ नावाच्या टेकाडावर उत्खनन केले. प्रवरेच्या पात्रालगतच्या वाळूगोट्यांत अश्मयुगीन हत्यारे मिळाली. टेकाडात तळाशी ताम्रपाषाणयुगीन वस्ती, तिच्यावर सातवाहनकाळ, रोमशी व्यापार असल्याची साक्ष देणारी खापरे आणि सर्वांत वर मुसलमानी-मराठा अमदानीचे अवशेष, असा क्रम लागला. एका गावाच्या पोटात इतका दीर्घ इतिहास असल्याची उदाहरणे थोडी आहेत. मध्याश्मयुगाच्या पूर्वीच्या, म्हणजे मध्य पुराश्मयुगातील, एका हत्यारपरंपरेला अभ्यासकांनी काही काळ ‘नेवासीय’ असेच नाव दिले होते.

या थरांतील ताम्रपाषाणयुगाचा थर विशेष पाहण्याजोगा आहे. ज्या संस्कृतीचा तो आहे, तिला संगमनेर तालुक्यातील जोर्वे या गावाचे नाव मिळाले आहे, कारण त्या प्रकारची भांडी १९५०-५१ च्या उत्खननात प्रथम तेथे नीट ओळखली गेली. तांबड्या पृष्ठावर काळ्या रंगाची नक्षी, चाकावर घडवलेली पातळ अंगाची भांडी आणि त्यांतील तोटीचे भांडे हे जोर्वे संस्कृतीचे ओळखचिन्ह. इसवी सनापूर्वी १४०० ते १००० हा तिच्या भरभराटीचा काळ मानला जातो. प्रवरेच्याच काठी दायमाबाद येथे या लोकांची मोठी वस्ती होती. तेथेच १९७४ मध्ये काशाचे बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा व रेडा हे साठ किलोंहून अधिक वजनाचे शिल्पसमूह सापडले. त्यांच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु ती शिल्पे पाहिल्यावर तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या नदीकाठच्या माणसाला ‘आदिम’ म्हणण्याचे धाडस होत नाही. हे लोक लहान मुलांना दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत निजवीत आणि घराच्या जमिनीखालीच पुरीत. नेवाशाच्या अशाच एका दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली आणि तिच्या ओवणीत कापसाच्या व रेशमाच्या तंतूंचे अंश आढळले. मूल गेल्यावर त्याला घराबाहेर न धाडता अंगणातल्या जमिनीत जवळ ठेवण्याची, गळ्यात घरातली चांगली माळ घालण्याची ही रीत ज्या मनातून निघाली, ते मन समजायला कोणत्याही व्याख्येची गरज पडत नाही.

आणि नंतर? इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास प्रवरा-गोदावरीच्या खोऱ्यातील या वस्त्या ओस पडल्या. नेवाशाच्या टेकाडावर त्यानंतर कित्येक शतके कोणी राहिले नाही. हवामान अधिकाधिक कोरडे होत गेले व शेती साधेनाशी झाली, असे कारण डॉ. म. के. ढवळीकर यांच्यासारख्या संशोधकांनी मांडले. घोड नदीवरील इनामगाव या गावी, जे पुणे जिल्ह्यात मोडते, जोर्वे संस्कृतीचे लोक आणखी काही शतके टिकले. परंतु तेथील प्रशस्त चौकोनी घरे जाऊन त्यांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेतीपेक्षा शिकारीवरचा भर वाढला. नेहरूंच्या उपमेत जे सुचत नाही ते या टेकाडात दिसते. नवा मजकूर जुन्यावर लिहिला जातो हे खरे, पण मधली कित्येक पाने कोरीही राहू शकतात. संस्कृती बदलते, तशी ती संपूही शकते. या भूमीत ती एकदा पाण्याअभावी संपली आहे.

याच नेवाशाच्या वरच्या थरात मराठी भाषेचा मानबिंदू आहे. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, श्रीज्ञानेश्वरांनी येथे गीतेवरील टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. ज्या खांबाला टेकून ती सांगितली गेली असे परंपरा मानते, तो ‘पैस खांब’ आजही भाविकांच्या दर्शनाचे स्थान आहे. या घटनेकडे केवळ भक्तीच्या अंगाने पाहणे अपुरे ठरेल. संस्कृत जाणणाऱ्या थोड्यांच्या हाती असलेला विचार स्त्रीशूद्रादिकांच्या बोलीत आणणे, हा त्या काळी एक धाडसी सामाजिक निर्णय होता. मूळ ग्रंथ नाकारला गेला नाही, त्याचा अधिकार मात्र वाटला गेला. पुढे पाठांत भेसळ होत गेली, तेव्हा पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, प्रती ताडून ज्ञानेश्वरीचे संशोधन केले. परंपरा जपणे म्हणजे आहे ते डोळे मिटून पुढे सरकवणे नव्हे, तर चुकीचे काय मिसळले ते पाहणेही होय, हे एकनाथांना कोणी शिकवावे लागले नाही. आज मुळा धरणाच्या जलाशयाला ‘ज्ञानेश्वरसागर’ म्हणतात आणि भेंड्याच्या साखर कारखान्यालाही ज्ञानेश्वरांचे नाव आहे. ओवी, पाणी आणि साखर एका नावाखाली आली यात कोणाला विसंगती दिसेल. जिल्ह्याला दिसत नाही.

निजामशाहीच्या काळाविषयी येथे विस्ताराने बोलण्याचे प्रयोजन नाही. अहमद निजामशाहाने १४९४ मध्ये नगर वसवले; त्याचा पिता मूळचा पाथरीच्या ब्राह्मण कुळातील, असे इतिहासकार फिरिश्त्याचे कथन आहे. मालोजी भोसल्यांनी नगरच्या शाहशरीफ पीराला नवस केला आणि झालेल्या मुलांची नावे शहाजी व शरीफजी अशी ठेवली, ही परंपरा सर्वश्रुत आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमद वारकरी परंपरेत संत म्हणून मान्यता पावले. त्यांचा ‘योगसंग्राम’ मराठीत आहे. जिल्हा, तालुका, तहसील, कचेरी हे शब्द त्या राजवटींचे. ते उच्चारताना कोणाला परकेपणा जाणवत नाही. संगमनेरच्या अनंत फंदींनी (१७४४–१८१९) तमाशाचा फड गाजवला आणि अहिल्याबाई होळकरांच्या उपदेशावरून ते कीर्तनाकडे वळले, अशी आख्यायिका आहे. जामखेड तालुक्यातील चौंडी येथे जन्मलेल्या याच अहिल्याबाईंचे नाव २०२४ मध्ये जिल्ह्याला मिळाले.

परिवर्तन कसे घडते हे राजवटींच्या इतिहासापेक्षा एखाद्या घराच्या इतिहासात अधिक स्पष्ट दिसते. सुदैवाने या जिल्ह्याशी निगडित असलेल्या अशा एका घराची हकीकत मराठीत लिहिली गेली आहे, आणि ती लिहिणारी स्त्री फार प्रांजळ होती.

अमेरिकन मराठी मिशनचे काम अहमदनगरला १८३१ मध्ये सुरू झाले. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये येथूनच निघू लागले. मिस सिंथिया फॅरार यांनी येथे मुलींच्या शाळा चालवल्या. जोतीराव फुले यांनी ती शाळा पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंच्या अध्यापन-शिक्षणाचा संबंधही नगरशी जोडला जातो. मिशनचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे उघड आहे. परंतु हेतू एक आणि परिणाम अनेक, असे संस्कृतीच्या व्यवहारात वारंवार घडते. पुण्यातील त्या शाळेत ख्रिस्ताची प्रार्थना शिकवली गेली नाही. नगरहून तिकडे गेली ती ‘मुलगी शिकू शकते’ एवढीच गोष्ट, आणि तेवढी पुरेशी होती.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला आणि पुढील आयुष्याचा मोठा भाग नगरला व जिल्ह्यात घालवला. ख्रिस्ती उपासना म्हणजे इंग्रजी चालीवरची भाषांतरित गीते, अशी तोवरची स्थिती होती. टिळकांनी अभंग आणि ओवी हाती घेतली, ख्रिस्ती कीर्तन उभे केले. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असा त्यांचा दावा होता. हे केवळ प्रचाराचे तंत्र समजणे चुकीचे ठरेल. धर्म बदलला तरी भाषेचा नाद, ताल आणि समूहाने एकत्र बसून गाण्याची रीत माणसाने का सोडावी, असा प्रश्न त्यांनी आपल्या कृतीने विचारला. श्रद्धा आणि संस्कृती या एकच नव्हेत, हे मराठीत इतक्या स्पष्टपणे क्वचितच दाखवले गेले असेल.

पण या घराची खरी कहाणी लक्ष्मीबाई टिळकांची (१८६८–१९३६) आहे. पतीने धर्मांतर केले तेव्हा त्या त्याच्याबरोबर गेल्या नाहीत. सोवळे, शिवाशीव, जात हे सर्व त्यांच्या अंगात मुरलेले होते. विरहाची वर्षे गेली. नंतर त्या पतीकडे आल्या, तरी चूल वेगळी राहिली. आणि मग एकेक गोष्ट गळत गेली. ती वादविवादाने गळली नाही. कोणाच्या हातचे पाणी चालते आणि कोणाचे चालत नाही, हे ठरवणारा कोण, असा प्रश्न त्यांच्या मनाला पडला आणि उत्तर मिळेना, म्हणून गळली. बाप्तिस्मा त्यांनी नंतर घेतला. जात त्याआधीच सुटली होती. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी हा प्रवास ज्या हसऱ्या शैलीत सांगितला आहे, त्यामुळे वाचकाला त्याची किंमत चटकन जाणवत नाही. माहेर, नातलग, सण, हळदीकुंकू, एवढे सगळे पणाला लागले होते. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे लक्ष्मीबाईंनीच पुरे केले. ज्या बाईला शालेय शिक्षण असे जवळजवळ नव्हतेच, तिने ओव्यांत अध्यायामागून अध्याय रचावेत, याचा उलगडा जात्यावरच्या ओवीची परंपरा ध्यानी घेतल्याशिवाय होत नाही. सोवळे सुटले, ओवी राहिली. काय सोडायचे आणि काय ठेवायचे याचा हा विवेक कोणत्याही परिषदेने ठराव करून दिलेला नव्हता.

येथे एक आक्षेप घेतला जातो, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. एखादी व्यक्ती स्वतःपुरते काय ते ठरवील. परंतु रूढी तर समाजाची असते. ती कोणी बदलावी? न्यायालयाने, शासनाने, की ज्यांची ती आहे त्यांनीच?

नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूरचे उदाहरण या प्रश्नाची सर्व अंगे दाखवते. घरांना दारे-कुलपे नसलेले गाव म्हणून त्याची कीर्ती आहे. २०११ मध्ये तेथे एका राष्ट्रीयीकृत बँकेने कुलपाविना शाखा उघडली, तेव्हा देशभर तिची चर्चा झाली. आपल्या वेगळेपणाचा गावाला अभिमान वाटला तर त्यात गैर काही नाही. पण याच गावात शनीच्या चौथऱ्यावर स्त्रियांनी चढू नये, अशीही रूढी होती. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली याविरुद्ध आंदोलन केले. तेव्हा यश आले नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये एका स्त्रीने चौथऱ्यावर जाऊन दर्शन घेतले आणि त्यानंतर चौथऱ्याचे शुद्धीकरण करण्यात आले. २०१६ च्या प्रारंभी आंदोलन पुन्हा पेटले. मुंबई उच्च न्यायालयापुढे विद्या बाळ व नीलिमा वर्तक यांची याचिका आली, तेव्हा आधार म्हणून पुढे आला तो १९५६ चा, पूजास्थळांत प्रवेशाचा हक्क देणारा राज्याचाच कायदा. जेथे पुरुषाला जाता येते तेथे स्त्रीला रोखता येणार नाही, हे तत्त्व मान्य झाले. ८ एप्रिल २०१६ रोजी, गुढीपाडव्याच्या दिवशी, देवस्थानाने चौथरा सर्वांना खुला केला.

म्हणजे कायदा साठ वर्षे अस्तित्वात होता आणि रूढीही साठ वर्षे त्याच्याशेजारी सुखेनैव नांदत होती. कायदा पुस्तकात असला म्हणजे संस्कृती बदलली असे होत नाही. उलट, कायदा नसता तर २०१६ मध्ये त्या स्त्रियांच्या पाठीशी उभे राहायला काय होते? बाहेरून आलेल्या माणसांनी गावाची रीत मोडली, अशी तक्रार तेव्हा ऐकू आली. परंतु गावातल्या, तालुक्यातल्या स्त्रियाही या समाजाच्याच घटक होत, आणि त्यांना ही रीत मान्य आहे की नाही हे तोवर कोणी विचारले नव्हते. ‘आमची संस्कृती’ असे म्हणताना त्या ‘आमची’ मध्ये कोणकोण धरले आहे, हे पाहिल्याशिवाय संस्कृतीरक्षणाचा कोणताही दावा ग्राह्य धरू नये.

हेच पाथर्डी तालुक्यातील मढीविषयी म्हणता येते. कानिफनाथांच्या या यात्रेत राज्याच्या कानाकोपऱ्यातून भटक्या जमाती येतात. तेथील गाढवांचा बाजार प्रसिद्ध आहे. वर्षभर पांगलेल्या माणसांना एकत्र भेटण्याची, सोयरीक जुळवण्याची ती एकच जागा होती, म्हणून जातपंचायतीही तेथेच बसत. ज्यांना कोर्ट-कचेरीत कोणी उभे करीत नव्हते, त्यांना पंचायतीने न्यायाचा काही आधार दिला, हे नाकारता येत नाही. पण त्याच पंचायतींनी कुटुंबे वाळीत टाकली, जबर दंड बसवले, आणि त्याचा भार बहुधा स्त्रियांवर पडला. सामाजिक बहिष्काराला गुन्हा ठरवणारा राज्याचा २०१६ चा कायदा ३ जुलै २०१७ पासून अंमलात आला. यात्रा चालू आहे, बाजार भरतो, नाथांची काठी मिरवते. वाळीत टाकण्याचा अधिकार काढून घेतल्याने यात्रेचे काही उणे झाल्याचे दिसत नाही.

आता पाण्याकडे वळायला हवे. जोर्वेकरांची संस्कृती ज्या गोष्टीपायी संपली, तिच्याशी या जिल्ह्याचा झगडा आजही चालूच आहे.

भंडारदरा येथील धरण १९२६ मध्ये पुरे झाले आणि प्रवरेचे कालवे वाहू लागले. ज्वारी-बाजरीच्या मुलखात ऊस आला. १९५०-५१ च्या हंगामात लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली शेतकऱ्यांच्या मालकीचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. याचे आर्थिक परिणाम अनेकदा सांगितले गेले आहेत. सांस्कृतिक परिणाम कमी सांगितले जातात. सावकारापुढे मान खाली घालणारा शेतकरी सर्वसाधारण सभेत उभा राहून हिशेब विचारू लागला, ही बोलण्याच्या रीतीतली क्रांती होती. कारखान्याभोवती शाळा, महाविद्यालये, दवाखाने उभे राहिले. ताटातली बाजरीची भाकरी मागे सरली, गहू आणि चहा-साखर पुढे आली.

त्याच काळात पाथर्डी, शेवगाव, जामखेड या कोरड्या तालुक्यांत दुसरी एक जीवनरीती घडत होती. दसरा-दिवाळी आटोपली की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन निघतात, कारखान्याच्या तळावर कोप्या घालतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. तेथे माणसांची मोजदादही ‘एक कोयता’ अशी होते, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघे मिळून. भाषा किती निर्दयपणे खरे बोलते, हे या शब्दात दिसते. पाथर्डी तालुक्यातील भगवानगडाचे संत भगवानबाबा (१८९६–१९६५) यांनी कीर्तनातून शिक्षणाचा आग्रह धरला, तो याच समाजापुढे. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी शासनाने २०२१ मध्ये वसतिगृहांची जी योजना आखली, तिला त्यांचेच नाव दिले आहे. मुले गावी शिकत राहिली तर कोयता पुढच्या पिढीकडे जाणार नाही. एका रिवाजाचा शेवट व्हावा म्हणून शासनाने खर्च करावा, असा हा प्रकार आहे आणि तो योग्यच आहे.

पाणी वाढवता येत नसेल तर पाण्याविषयीची वागणूक बदलता येते का? पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीत १९७५ नंतर अण्णा हजारे यांनी यादवबाबांच्या मंदिराच्या जीर्णोद्धारापासून काम सुरू केले. मंदिर हीच गावाची एकत्र बसण्याची जागा होती. दारू सुटावी म्हणून तेथे दारुड्यांना खांबाला बांधण्यापर्यंतचे उपाय झाले. त्यांचे परिणाम गावाने चांगले म्हणून सांगितले, तरी धाकाने बदललेली रीत धाक संपल्यावर किती टिकते, ही शंका उरतेच.

नगर तालुक्यातील हिवरे बाजारची वाट काहीशी निराळी आहे. वर्षाला चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, स्थलांतर, भांडणे, असे हे गाव. १९८९ पासून पोपटराव पवार यांच्या सरपंचपदाच्या काळात गावाने ग्रामसभेत बसून नियम केले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, श्रमदान, हे आदर्श गाव योजनेत पुढे सर्वत्र सांगितले गेले. पण खरे कठीण नियम वेगळे होते. सिंचनासाठी कूपनलिका घ्यायची नाही. ऊस-केळीसारखी पिके घ्यायची नाहीत. जमीन बाहेरच्याला विकायची नाही. विहीर आपल्या शेतात असली तरी पाणी आपले नाही, ते गावाचे आहे, ही कल्पना मालकीहक्काच्या रुळलेल्या समजुतीवर घाव घालणारी होती. पावसाळा संपला की किती पाऊस झाला, किती मुरला, पिण्याला किती लागेल, हे ग्रामसभेत मांडले जाते आणि उरलेल्या पाण्यावर कोणते पीक परवडेल ते ठरते. हा पाण्याचा ताळेबंद आता तेथे पोळ्या-पाडव्याइतकाच वर्षाचा भाग झाला आहे. लग्नापूर्वी एचआयव्ही तपासणी करून घेण्याचीही प्रथा गावाने घातली. या रीतींना तीस-पस्तीस वर्षांपलीकडचे मूळ नाही. पण ज्याला पुरातन म्हणून मान दिला जातो, त्याचाही कोठेतरी पहिला दिवस होताच.

शेवटी अकोले तालुक्यातील कोंभाळणे या आदिवासी गावाचा उल्लेख करायला हवा. संकरित बियाण्यांनी घरोघरचे जुने वाण मागे टाकले, तेव्हा राहीबाई पोपेरे यांनी भात, वाल, घेवडा आणि भाज्यांचे गावरान वाण शोधून, पेरून, जतन करायला सुरुवात केली. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. २०२० मध्ये त्यांना आणि पोपटराव पवारांना एकाच वर्षी पद्मश्री जाहीर झाली. राहीबाईंचे काम ‘जुने ते सोने’ या भावनेचे आहे, असे वरवर पाहणाऱ्याला वाटेल. तसे ते नाही. बायफ संस्थेच्या साहाय्याने त्यांनी वाणांची नोंद ठेवली, बियाणे बँक उभी केली, बायकांचे गट बांधले. यांतले काहीही त्यांच्या आजीच्या काळी नव्हते. आणि बियाणे कपाटात ठेवून जपता येत नाही. काही वर्षे पेरले नाही तर त्याची उगवण जाते. म्हणून त्या बँकेचा नियम असा की, बियाणे कोणालाही मिळते, मात्र नेणाऱ्याने ते पेरायचे आणि पीक आल्यावर नेले त्याच्या दुप्पट परत आणून द्यायचे.